साहेब, तुमच्या कलमात आमची नदी नाही

मा. केंद्रीय पर्यावरण मंत्री साहेब,
नवी दिल्ली

सप्रेम नमस्कार.

मी सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यातली. कृष्णाकाठी माहेर, कृष्णाकाठीच सासर, आणि दोन्हीकडं धंदा एकच, मासेमारीचा. मालक नदीत जाळं टाकतात, मी बाजारात वाटे लावून बसते. मंत्र्याला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ, तेव्हा चुकलंमाकलं पोटात घाला. टाइप मुलानं केलंय. त्यानं दोन ठिकाणी माझे शब्द मवाळ केले होते, ते मी परत होते तसे करून घेतलेत.

गेल्या सोमवारी रात्री वळवाचा पाऊस झाला. मालक पहाटे नदीवर गेले आणि तसेच माघारी आले. म्हणाले, "चल, बघायला चल." घाटापासून खालच्या वळणापर्यंत नदी पांढरी दिसत होती. सगळे मासे पोट वर करून पडलेले. चिलापी, कटला, रोहू होतेच, पण तळाच्या गाळात राहणारी वांबसुद्धा काठाला येऊन तोंड उघडझाप करत होती. वांब अशी काठाला आलेली मी जन्मात दोनदाच बघितली. एकदा परवा, एकदा गेल्या वर्षी. पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं, आणि वास आंबलेल्या काकवीचा. मुलगा सांगत होता, साखर कारखान्याच्या मळीचं पाणी नदीत आलं की ते कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खाऊन टाकतं, आणि पहाटेला पाण्यात ऑक्सिजन आधीच सगळ्यात कमी असतो. सासूबाई शाळेत गेलेल्या नाहीत. त्या नुसतं बघून म्हणाल्या, "दम कोंडला गं त्यांचा."

किती मेले? गावात कुणी दहा टन म्हणतं, कुणी वीस. दोन दिवसांनी आलेल्या साहेबांनी कागदावर लिहिलं, अंदाजे दीड टन. मी वजन केलेलं नाही, पण एवढे तर एकट्या आमच्या घाटावर असतील. काही जणांनी तेच मासे पोत्यात भरून नेले. कुठं विकले ते मला ठाऊक आहे. इथं लिहिणार नाही, कारण त्यांच्या घरातही चूल आहे.

पाऊस पडला की वरच्या अंगाला साठवलेलं सांडपाणी सोडून द्यायचं, पाण्यात पाणी खपून जातं, हे नदीकाठचं शेंबडं पोरही सांगेल. फक्त साहेबांना ते प्रयोगशाळेतून कळायला लागतं. गेल्या वर्षी असंच झालं तेव्हा एक मोठे साहेब घाटावर आले होते. बाटल्या भरल्या, फोटो काढले आणि शंभर माणसांसमोर म्हणाले, "पंधरा दिवसांत अहवाल तुमच्या चावडीवर लावतो आणि दोषी असेल त्याला सोडत नाही." मी त्यांना चहा नेऊन दिला होता. त्या पंधरा दिवसांना आता तेरा महिने झाले. मी जिल्ह्याच्या कार्यालयात चार खेटे घातले. एस. टी.त बायकांना अर्धं तिकीट आहे म्हणून परवडलं, त्याबद्दल सरकारचे आभार. तिथं ऐकायला मिळालं, अहवाल प्राप्त झाल्यावर नियमानुसार कार्यवाही करण्यात येईल. या वेळी तर बाटल्या तिसऱ्या दिवशी भरल्या. तोवर कोयनेचं पाणी आलं होतं आणि पुरावा वाहत कर्नाटकात गेला होता.

आता माझं सांगते. मासे मेल्याची बातमी पेपरात आली की बाजारात माझ्या पाटीपुढं कुणी थांबत नाही. तलावातले ताजे मासे आणून बसले तरी लांबूनच विचारतात, "नदीचे का हो मावशी?" आणि पुढं जातात. दीड महिना तरी असा जातो. नव्या जाळ्यासाठी बचत गटाचं कर्ज काढलंय. हप्ता मेलेल्या माशांना ओळखत नाही. मालकांच्या पायांना गुडघ्यापर्यंत खाज सुटलीय, औषधाच्या ट्यूबा संपतात पण खाज जात नाही. गारपिटीनं द्राक्षं गेली तर पंचनामा होतो, व्हायलाच पाहिजे. आमचं काय म्हणून विचारलं तर उत्तर मिळालं की तसा रकानाच नाही. माशांचा सातबारा नसतो ना साहेब. २०१९ च्या पुरात होडी गेली, २०२१ च्या पुरात उरलंसुरलं गेलं, त्याला निदान आम्ही देवाची करणी म्हटलं. हे कुणाची करणी म्हणायचं?

हप्त्यापायी मुलाची सांगलीतली अभ्यासिका बंद केली. तो एमपीएससीचा अभ्यास आता घरात करतो, मोठ्यानं वाचून. त्यामुळं मासे साफ करता करता मलाही राज्यघटना ऐकायला मिळते. परवा त्यानं कलम ४८-अ वाचलं. सरकारनं पर्यावरण राखायचा, वनं आणि वन्यजीव सांभाळायचा प्रयत्न करावा, असं त्यात आहे. मी विळी थांबवली. म्हटलं, परत वाच. प्रयत्न? आणि वर कलम ३७ सांगतं की असली तत्त्वं राज्यकारभाराचा पाया आहेत, पण कोर्टातून ती अंमलात आणून घेता येणार नाहीत.

मग त्यानं ५१-अ वाचलं. ती आम्हा नागरिकांची कर्तव्यं. तिथं वनं आहेत, सरोवरं आहेत, नद्या आहेत, आणि प्राणिमात्रांवर दया करणंही आहे. दोन्ही कलमं १९७६ च्या एकाच ४२ व्या दुरुस्तीनं आली. तुमच्या यादीत नदीचं नाव नाही, आमच्या यादीत आहे. म्हणजे कृष्णा सांभाळायची मी, माशांवर दया करायची मी, आणि तुम्ही प्रयत्न करणार. मीही मालकांना उद्यापासून सांगते, स्वयंपाकाचा प्रयत्न करीन.

हा राज्याचा विषय आहे, प्रदूषण नियंत्रण मंडळाचा आहे, ग्रामपंचायतीचा आहे, असं तुमच्याकडून उत्तर येईल. ते येऊ नये म्हणून आधीच लिहिते. मुलानं दाखवलंय, त्या कलमात 'राज्य' म्हणजे दिल्लीपासून गावच्या पंचायतीपर्यंत सगळे. सगळ्यांनी मिळून प्रयत्न केला म्हणून तर अशी अवस्था आहे.

शेजारचे रिटायर मास्तर म्हणतात, कायदे काय कमी आहेत? पाण्याचा कायदा १९७४ चा, पर्यावरणाचा १९८६ चा. स्वच्छ पाणी आणि हवा हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं सुप्रीम कोर्टानं १९९१ सालीच सांगितलंय. खरं आहे. पण तो हक्क मागायला मी कुठं जाऊ? पर्यावरणाचे खटले चालवणारा हरित लवाद पुण्यात. जाऊन यायला एक दिवस, आणि वकील माशांच्या वाट्यावर येत नाही. आणि कायद्याचं म्हणाल, तर ८६ च्या कायद्यात ५ वर्षांपर्यंत कैदेची सोय होती. २०२३ साली तुम्ही लोकांनी ती काढून १० हजार ते १५ लाख दंड ठेवलात. त्या दुरुस्तीचं नाव 'जन विश्वास' म्हणे. कुणाचा कुणावर, ते आमच्या घाटावर येऊन सांगा. कायदा असा एका अधिवेशनात पातळ होतो, म्हणून मला हे घटनेत पाहिजे, दोन तृतीयांश मतांशिवाय हात लावता येणार नाही असं.

आणि हे होत नाही असं सांगू नका. पोरांना फुकट शिक्षण देण्याचा दहा वर्षांत प्रयत्न करू, असं घटनेत पहिल्यापासून लिहिलं होतं. दहाची पन्नास झाली. शेवटी २००२ साली ८६ व्या दुरुस्तीनं तो मूलभूत हक्क केलाच ना? शेजारच्या भूतानच्या घटनेत तर ६० टक्के जमिनीवर कायम जंगल राखायचं बंधन आहे. तो देश केवढा आणि आपण केवढे.

शाळेत पोरांकडून पर्यावरणाची शपथ घेता, आमच्याकडून घाट झाडून घेता, कृष्णामाईच्या आरतीला पांढऱ्या गाड्या घेऊन येता. तिला माई म्हणायचं आणि तिच्यात काय सोडलं ते विचारायचं नाही. निवडणुकीत दारोदार फिरताना तुम्हा मंडळींना आमचं घर बरोबर सापडतं, मग तेरा महिने चावडी का सापडत नाही? कारखान्याचा चेअरमन, पतसंस्थेचा चेअरमन, शाळेचा अध्यक्ष आणि व्यासपीठावरचा पुढारी एकाच घरात जेवत असतील तर नोटीस कुणी कुणाला द्यायची? मुलगा म्हणतो, हे काढ. मी काढणार नाही.

मागणं दोनच आहे. ४८-अ मधला 'प्रयत्न' काढा, त्यात 'नद्या' घाला आणि पाळलं नाही तर जाब विचारता येईल अशा जागी ते कलम न्या. याला वेळ लागेल, मला कळतं. दुसरं लहान आहे. गेल्या वर्षीचा अहवाल चावडीवर लावायला सांगा. त्यात काही सापडलं नाही असं लिहिलं असलं तरी चालेल, पण लावा.

पत्राची पोच द्या. दुपारपासून इकडं पुन्हा आभाळ भरून आलंय, मालक जाळं काढून आणायला नदीवर गेलेत.

आपली,
मासे विकणारी एक बाई
ता. पलूस, जि. सांगली