लहान भागांतील कॉलेजे केवळ पटावर तोलू नयेत

महोदय,

आपल्या शिक्षणविषयक पुरवणीतील परदेशी शिक्षणावरच्या लेखात अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेजांची (म्हणजे स्थानिकांसाठीच्या, मुख्यतः दोन वर्षांच्या अभ्यासक्रमांच्या सरकारी कॉलेजांची) ‘विद्यापीठात प्रवेश न मिळालेल्यांची सोय’ अशी एका वाक्यात बोळवण केलेली वाचली. नॉर्थ कॅरोलायनाच्या पश्चिमेकडील डोंगराळ भागात गेली अकरा वर्षे राहत असल्याने ते वाक्य खटकले.

या राज्यात 100 काउंट्या (काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला तालुका समजावा) आणि 58 सरकारी कम्युनिटी कॉलेजे आहेत. 1963 च्या कायद्याने उभ्या राहिलेल्या या व्यवस्थेत शिकवण्याचा खर्च मुख्यतः राज्य उचलते, तर इमारत, वीज-पाणी आणि डागडुजी काउंटीकडे असते. राज्यातील रहिवासी विद्यार्थ्याला 2024-25 मध्ये एका क्रेडिटमागे (क्रेडिट म्हणजे अभ्यासक्रमाचा भार मोजण्याचे एकक) 76 डॉलर शुल्क पडत होते, आणि ठरावीक विषय येथे दोन वर्षांत पूर्ण करून पुढे राज्याच्या विद्यापीठात जाता येते.

स्प्रूस पाइन येथील मेलँड कॉलेजचे नावच मिचेल, एव्हरी आणि यॅन्सी या तीन काउंट्यांच्या आद्याक्षरांवरून पडले आहे. चिप तयार करण्याच्या उद्योगाला लागणारे अतिशुद्ध क्वार्ट्झ जेथून जगभर जाते, ते हेच गाव. या कॉलेजने बर्न्सव्हिलजवळ जुन्या कचरा डेपोच्या जागी वेधशाळा उभारली आहे. तेथे एका रात्री दुर्बिणीच्या रांगेत माझ्यापुढे वृद्धाश्रमाच्या गणवेशातच आलेली एक बाई होती. दिवसा मदतनीस म्हणून नोकरी आणि उरलेल्या वेळात नर्सिंगचा अभ्यास, असे तिने सांगितले. शनीची कडी पाहून तिच्या मुलाने ‘आत स्टिकर लावलंय’ असा आरोप केला, तेव्हा तीच सर्वांत जास्त हसली. दोन मुले सोडून तिने दूरचे विद्यापीठ गाठावे, ही अपेक्षाच फोल आहे.

अडचण आहे ती पैशाची. नर्सिंगच्या वर्गात दहा विद्यार्थी असोत की वीस, प्रयोगशाळा तेवढीच लागते; राज्याचा निधी मात्र बहुतांशी विद्यार्थीसंख्येच्या हिशेबाने येतो. लहान कॉलेजांसाठी काही किमान तरतूद असली, तरी तरुण मंडळी शार्लट किंवा रालेसारख्या मोठ्या शहरांत निघून गेली की पट घसरतो, आणि अशा काउंटीची करवसुलीही मुळात तोकडीच असते. म्हणजे गरज जेथे सर्वाधिक, तेथेच राज्य आणि काउंटी दोघांचेही हात आखडतात. कमी पटाच्या शाळांवरून आपल्याकडे चालणारा वाद ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे नवे वाटणार नाही.

सप्टेंबर 2024 मध्ये हेलेन चक्रीवादळाने याच डोंगरांतले रस्ते आणि पूल वाहून नेले. त्यानंतर हवे होते ते वायरमन, वेल्डर, सुतार आणि परिचारिका. अशी माणसे मुख्यतः याच कॉलेजांतून तयार होतात, आणि त्यांतली बरीचशी घराजवळच राहतात.

यापुढे अशा संस्थांची माहिती देताना शुल्क आणि क्रमवारीबरोबरच तेथे शिकलेले किती जण त्याच भागात कामाला लागले, हेही छापावे, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, अ‍ॅशव्हिल, नॉर्थ कॅरोलायना