तेल नेमके कुठे द्यावे?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत ट्रायल्स सायकलींवर, म्हणजे खडक-अडथळ्यांवरून उड्या मारत चालवायच्या सायकलींवर, आलेला लेख वाचून समाधान वाटले, कारण रत्नागिरीच्या सड्यावर आणि किनाऱ्यावरच्या खडकांत पाय न टेकता सायकल नाचवणारी ही मुले आजवर गावाच्या लेखी टवाळच होती. मात्र पावसाळ्यात सायकलीच्या सर्व फिरत्या भागांवर सढळ हाताने तेल सोडावे, असा जो सल्ला लेखाच्या शेवटी दिला आहे, तो या सायकलींच्या बाबतीत घातक आहे. माझे सायकलदुरुस्तीचे दुकान आहे आणि अशा तीन सायकली नियमितपणे माझ्याकडे येतात, म्हणून हे लिहिण्याचे धाडस करतो.

ट्रायल्सचा स्वार मागच्या चाकावर उभा राहतो तेव्हा ते चाक ब्रेकने पुरते जखडलेले असते. उडी घेताना तो ब्रेक सोडणे आणि पेडल दाबणे एकाच क्षणी करतो आणि पलीकडच्या दगडावर टेकताच चाक पुन्हा जखडतो. त्या वेळी चाक दोन बोटे जरी सरकले तरी माणूस पाठीवर पडतो. म्हणूनच रिमवर दाबणाऱ्या ब्रेकच्या सायकलींत रिमची कड ग्राइंडरने मुद्दाम खरबरीत केलेली असते आणि ब्रेकचे शू त्या खरबरीतपणात दात रोवल्यासारखे बसतात. तिथे तेलाचा एक थेंब उडाला की सगळी पकड गेली. डिस्क ब्रेक असेल तर आणखी वाईट, कारण डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसता येते, पण तेल प्यालेले पॅड बहुधा बदलावेच लागतात. डब्यातून फवारायचे तेल चेनवर मारताना मागच्या डिस्कवर कसे उडते, हे मारणाऱ्याच्या लक्षातही येत नाही.

आपल्याकडच्या खाऱ्या हवेने ॲल्युमिनियमच्या रिमवर पांढरी भुकटी धरते आणि सड्यावरची तांबडी माती त्या खाचांत भरते. तेव्हा खडकांवरून आल्यावर गोड्या पाण्याने, पण जोराची धार न मारता, रिम धुवावी, ताठ ब्रशने घासावी आणि सुकू द्यावी. पकड तरीही परतली नाही तरच पुन्हा हलका ग्राइंडर फिरवावा. दर वेळी धातू झिजतो, आणि दर पंधरवड्याला ग्राइंडर मारणाऱ्या मुलांच्या रिम कागदासारख्या झालेल्या मी पाहिल्या आहेत. शू रिमवर तिरके न लागता संपूर्ण पृष्ठभागाने लागले पाहिजेत. शू आणि रिम यांत दोनेक मिलिमीटर अंतर पुरते, पण त्यासाठी चाकाचा आउट, म्हणजे फिरताना होणारी डगमग, आधी काढलेला हवा.

ब्रेकच्या आतल्या तेलाविषयी लेखात काहीच नव्हते. ट्रायल्समध्ये बरीच वर्षे वापरात असलेल्या मॅगुरा कंपनीच्या एचएस ३३ या तेलाच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकमध्ये खनिज तेल असते. माझ्या पुतण्याच्या ब्रेकमध्ये एका दुकानदाराने मोटारसायकलच्या ब्रेकचे डॉट तेल भरून दिले. काही दिवसांतच आतील रबरी सील फुगले आणि लिव्हर दाबल्यावर परत येईना. पोरगा थोडक्यात वाचला, ब्रेक मात्र टाकून द्यावा लागला. लिव्हर मऊ लागू लागली तर तेल बदलण्याआधी आत हवा शिरली आहे का ते पाहावे आणि सिरिंजने खालून तेल चढवून ती वरून काढावी.

आता गिअरविषयी. या सायकलींना बहुधा एकच गिअर असतो. २० इंची चाकाच्या सायकलीला साधारणपणे पुढे १८ आणि मागे १२ दाते, तर २६ इंचीला पुढे १८ आणि मागे १५ दाते असतात. हिशेब केला तर पेडलच्या एका फेऱ्यात दोन्ही सायकली सुमारे अडीच मीटरच पुढे जातात. पुढे ४४ आणि मागे १८ दात्यांची आपली जुनी काळी सायकल त्याच फेऱ्यात पाच मीटरहून अधिक जाते. एवढा हलका गिअर असल्यामुळे जागच्या जागी उसळी मारता येते, पण त्याच उसळीत चेनवर जो हिसका बसतो तो घाट चढतानाही बसत नाही. मागचे चक्र लहान असल्याने अशा बऱ्याच सायकलींत फ्रीव्हील (पेडल थांबले तरी चाक फिरू देणारे चक्र) पुढे क्रँकवर, म्हणजे पेडलच्या दांड्यावर, बसवलेले असते. चांगल्या ट्रायल्स फ्रीव्हीलला एका फेऱ्यात पकड घेण्याचे ७२ टप्पे असतात, म्हणजे पेडल जेमतेम पाच अंश फिरताच पकड मिळते. या फ्रीव्हीलमध्ये ग्रीस कोंबू नये. दाट ग्रीसमध्ये त्यातले कुत्रे (दात्यांत अडकून पकड देणारे छोटे खटके) चिकटतात, वेळेवर उठत नाहीत आणि ऐन उडीत पेडल रिकामे जाते. तिथे पातळ तेलाचे चार थेंब पुरतात.

चेनला तेल अवश्य द्यावे, पण प्रत्येक रोलरवर एक थेंब, आणि नंतर बाहेरचे सगळे कोरड्या फडक्याने पुसून. तेलाने ओलसर राहिलेल्या चेनवर वाळू बसते आणि ती कानशीसारखे काम करते. मधोमध चेन वर-खाली एक सेंटिमीटर हलावी, मात्र पेडल पूर्ण फिरवून, जिथे ती सर्वांत ताठ असेल तिथे हे तपासावे. नव्या चेनचे २४ सांधे बरोबर १२ इंच भरतात. त्यात एक सोळांश इंचाची वाढ दिसली की साधी सायकल आणखी चालवता येईल, ट्रायल्सची चालवू नये.

पाऊस अजून दोन महिने आहे आणि लेख वाचून तेलाच्या बाटल्या हाती घेतलेली दोन मुले याच आठवड्यात माझ्याकडे येऊन गेली. म्हणून येत्या रविवारी रिम, डिस्क आणि ब्रेकचे शू यांना तेल लावू नये, एवढी दुरुस्ती तरी आपण त्याच जागी छापावी, ही विनंती.

आपला,
एक सायकल दुरुस्ती करणारा वाचक,
रत्नागिरी