जो लुईसचा जमाखर्च

डेट्रॉइट, रविवार

ती. बाबा आणि आई,
शि. सा. न.

बाबा, परवा फोटो बघून तुम्ही विचारलंत, तुझ्यामागे ती टांगलेली मूठ कसली, कुठल्या पक्षाची निशाणी आहे का? पक्षाची नाही, जो लुईसची. इथे जेफर्सन अ‍ॅव्हेन्यूवर खांबांच्या मनोऱ्याला तारांनी टांगलेला 24 फुटी हात आहे, वजन साडेतीन टनांच्या वर, 1986 साली बसवलेला. चेहरा, धड काही नाही, नुसता हात आणि आवळलेली मूठ. त्या दिवशी आईची भाजी लागत होती म्हणून 'एक बॉक्सर होता' एवढ्यावर मी फोन आटोपला. पण या माणसाबद्दल तुम्हाला सविस्तर लिहायचं माझ्या मनात होतंच. त्यात माझा थोडा स्वार्थ आहे, तो पुढे कळेल.

जो मूळचा अलाबामाचा. 1914 चा जन्म, कापसाच्या शेतात राबणारं घर. वडील वेड्यांच्या इस्पितळात. आईने, लिलीने, दुसरं लग्न केलं आणि 1926 मध्ये सगळं बिऱ्हाड डेट्रॉइटला आलं, कारण इथे फोर्डच्या कारखान्यात काळ्या माणसालाही काम मिळायचं. पोराने काहीतरी कला शिकावी म्हणून लिली त्याला व्हायोलिनच्या शिकवणीचे पैसे द्यायची, आणि हा पठ्ठ्या ते ब्रूस्टर सेंटरमधल्या तालमीत भरायचा असं सांगतात. (आई, मला पेटीच्या क्लासला घालून तुझे पैसे निदान क्लासवालीकडे तरी पोहोचले.) पहिल्या हौशी लढतीत तो दोन फेऱ्यांत सात वेळा आडवा झाला. सावत्र वडील म्हणाले, पुरे झालं, कामाला लाग. मग काही दिवस फोर्डच्या कारखान्यात गाड्यांचे सांगाडे ढकलले आणि पुन्हा तालमीत गेला.

1934 पासून तो पैसे घेऊन लढायला लागला. त्याचा वस्ताद जॅक ब्लॅकबर्न, स्वतः जुना मुष्टियोद्धा. मॅनेजर जॉन रॉक्सबरो. दोघेही काळे. त्यांनी पोराला दोन प्रकारचं शिक्षण दिलं. एक रिंगमधलं: पाय फार उचलायचे नाहीत, घासत पुढे सरकायचं, आणि ठोसा हात लांब फेकून नाही तर जवळून, आखूड मारायचा. दुसरं रिंगबाहेरचं: पडलेल्या गड्याकडे बघून हसायचं नाही, गोऱ्या बाईशेजारी फोटो काढू द्यायचा नाही. कारण त्याच्या आधीचा एकमेव काळा हेवीवेट (सगळ्यांत जड वजनगटाचा) विजेता जॅक जॉन्सन. तो मनाला येईल तसा जगला आणि 1915 मध्ये त्याचं पद गेल्यावर बावीस वर्षं एकाही काळ्या माणसाला त्या पदासाठी लढू दिलं नव्हतं. बाबा, म्हणजे जोला ठोसे तर चुकवायचेच होते, वर चेहराही सांभाळायचा होता. मला ते दुसरं जास्त जड वाटतं.

1936 मध्ये जर्मनीच्या मॅक्स श्मेलिंगने त्याला बाराव्या फेरीत झोपवलं. हे तुम्हाला आवडेल, कारण यात डावाचा अभ्यास आहे. श्मेलिंग जोच्या लढतींच्या फिल्म बसून बघत होता. त्याला दिसलं, की डाव्या हाताचा जॅब, म्हणजे झटकन मारायचा सरळ ठोसा, मारला की जो तो हात परत घेताना खाली सोडतो. क्षणभरच, पण जबडा उघडा पडतो. श्मेलिंगने रात्रभर त्या एका फटीत उजवा हात घातला. तोवर अजिंक्य असलेल्या बावीस वर्षांच्या पोराला एका सवयीने पाडलं.

पुढच्या वर्षी, 22 जून 1937 ला, शिकागोत तेव्हाच्या जगज्जेत्या ब्रॅडॉकला आठव्या फेरीत पाडून जो जगज्जेता झाला. आणि बरोबर एक वर्षाने, 22 जून 1938, न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियमवर पुन्हा श्मेलिंग. सत्तर हजार माणसं बसलेली. हिटलरच्या सरकारने श्मेलिंगला आपला करून मिरवलं होतं. ज्या अमेरिकेत जोला कित्येक हॉटेलांत पाय ठेवता येत नव्हता, ती अख्खी अमेरिका त्या रात्री रेडिओला कान लावून त्याच्या बाजूने होती. 124 सेकंदांत खेळ आटोपला. श्मेलिंग दोरांवर रेलून वळला तेव्हा बरगड्यांच्या मागे एक उजवा बसला आणि त्याची किंकाळी प्रेक्षकांना ऐकू गेली. तीनदा पडला, तिसऱ्यांदा त्याच्या माणसाने टॉवेल फेकला.

पद त्याने अकरा वर्षं आठ महिने राखलं, पंचवीस वेळा. आजवर हेवीवेटमध्ये तेवढं कुणाला जमलेलं नाही. त्या लढतींची यादी देत नाही, त्यातल्या बऱ्याच जणांची पेपरवाल्यांनीच टिंगल केली होती. बिली कॉन तेवढा खरा. तो बाराव्या फेरीपर्यंत गुणांत पुढे होता आणि तेराव्यात उगाच नॉकआउटच्या मोहात पडून स्वतःच पडला.

आता माझ्या धंद्याचं. मी दिवसभर लोकांचे टॅक्स भरते, त्यामुळे जो लुईस मला रिंगपेक्षा वहीत जास्त दिसतो. पहिले पैसे हातात आल्यावर त्याने काय केलं? आईला घर घेतलं, भावंडांची शिक्षणं केली आणि वाईट दिवसांत डेट्रॉइट शहराने घराला जी सरकारी मदत दिली होती ती परत फेडली. कुणी मागितली नव्हती. बाबा, हे वाचताना मला तुम्हीच दिसलात. मग ओळखीपाळखीचे आले. जो लुईस रेस्टॉरंट, जो लुईस विमा कंपनी, जो लुईस दूध, केसांना लावायचं पोमेड, 'पंच' नावाचं सरबत, घोड्यांचा फार्म, शिकागोत एक नाइटक्लब. प्रत्येक धंद्याच्या मागे कुणीतरी 'आपला माणूस' होता. सगळे बुडाले.

सगळ्यांत लागतं ते युद्धातलं. जानेवारी 1942 मध्ये त्याने पद पणाला लावून बडी बेअरशी लढत घेतली आणि आपली कमाई, जवळपास 47 हजार डॉलर, नौदलाच्या मदतनिधीला दिली. ज्या नौदलात काळ्या मुलाला तोवर भांडी आणि ताटं यापलीकडे काम मिळत नव्हतं, त्याला. दुसऱ्याच दिवशी सैन्यात नाव नोंदवलं. पगार महिना 21 डॉलर. मार्चमध्ये आणखी एक लढत, ती कमाई लष्कराच्या निधीला. कुणीतरी टोकलं, तेव्हा तो म्हणाला होता म्हणतात, की अमेरिकेत पुष्कळ चुकतंय, पण ते काही हिटलर येऊन दुरुस्त करणार नाही.

हे दोन्ही पैसे त्याने डोळ्यांनी पाहिलेसुद्धा नाहीत. पण टॅक्स खात्याने पुढे ते त्याचं उत्पन्न धरलं. त्या काळी दान कितीही करा, सूट उत्पन्नाच्या 15 टक्क्यांपर्यंतच मिळायची. लढतीआधी एखाद्या शहाण्या माणसाने कागद नीट केले असते तर बराच फरक पडला असता, असं मला राहून राहून वाटतं. 1946 मध्ये कॉनशी दुसरी लढत झाली, तिच्यात जोच्या वाट्याला सहा लाखांच्या आसपास डॉलर आले, पण तोवर कर्ज, मॅनेजर, घटस्फोट असे घेणेकरी रांगेत उभे होते. 1949 मध्ये तो निवृत्त झाला. 1950 मध्ये खात्याने हिशोब मांडला, पाच लाखांहून जास्त बाकी. आणि थकबाकीवर व्याज.

म्हणून तो परत रिंगमध्ये उतरला. 1951 मध्ये, सदतिसाव्या वर्षी, रॉकी मार्सियानोने त्याला दोरांतून बाहेर पाडलं. जिंकलेला मार्सियानो कपडे बदलायच्या खोलीत रडला, कारण लहानपणी जोच त्याचा देव होता. मग काही दिवस जो कुस्तीच्या नाटकी फडांत लढला. 1953 मध्ये लिली गेली. तिने मुलाच्या नावे 667 डॉलर ठेवले होते, तेही खात्याने उचलले. आई, पेटीच्या क्लासवरून मी वर तुझी गंमत केली, पण ही ओळ वाचून मी कॉम्प्युटर बंद केला होता.

तिसरी बायको मार्था वकील. तिच्या काळात खात्याशी काहीतरी तडजोड झाली, फक्त चालू कमाईवरचा कर घेऊ असं ठरलं. उतारवयात त्याला भास व्हायला लागले. कुणी विषारी वायू सोडतंय असं वाटून तो खोलीतल्या झडपा चिकटपट्टीने बंद करायचा. 1970 मध्ये मार्थाने आणि मुलाने त्याला डेन्व्हरच्या मनोरुग्णालयात नेलं. शेवटी लास व्हेगासच्या सीझर्स पॅलेसमध्ये, आल्यागेल्याशी हात मिळवायची नोकरी होती. लोक याला अपमान म्हणतात. मला तसं वाटत नाही, पगार वेळेवर होता आणि लोक त्याच्याकडे प्रेमाने यायचे.

12 एप्रिल 1981 ला तो गेला. आदल्या रात्री चाकाच्या खुर्चीतून तेव्हाचा हेवीवेट विजेता लॅरी होम्स याची लढत बघून आला होता. अध्यक्ष रेगन यांनी नियम बाजूला ठेवले म्हणून त्याला आर्लिंग्टनच्या लष्करी दफनभूमीत जागा मिळाली. अंत्यविधीच्या खर्चातला काही भाग कुणी दिला माहीत आहे? श्मेलिंगने. तो नाझी पक्षात कधी गेलाच नव्हता, उलट 1938 च्या नोव्हेंबरात, नाझींनी ज्यूंची घरं-दुकानं फोडली तेव्हा, त्याने बर्लिनमध्ये दोन ज्यू मुलांना आपल्या खोलीत लपवलं होतं. युद्धानंतर जर्मनीत कोका-कोलाचा धंदा त्याने उत्तम केला आणि जोला गुपचूप मदत करत राहिला. वही नीट ठेवली म्हणून देता आलं, असं माझं मत. तुम्ही म्हणाल, हिला सगळीकडे वहीच दिसते. दिसते.

तर बाबा, स्वार्थ असा. आत्याच्या मोठ्याच्या हॉटेलसाठी तुम्ही पतसंस्थेत जामीन राहणार आहात, आणि वर एक एफडीही मोडणार आहात, हे मला आईकडून नाही, आत्याकडूनच कळलं. आईवर रागवू नका. द्यायला माझी हरकत नाही. तुम्ही दिल्याशिवाय राहायचे नाही, हे मला तिसरीपासून माहीत आहे. एफडीतून जे द्यायचं ते सरळ देऊन टाका, परत येईल न येईल. पण जामिनावर सही नको. त्याच्या कर्जाचा आकडा उद्या किती होईल हे तुमच्या हातात नाही, आणि तुमची पेन्शन व राहतं घर त्याला बांधलं जाईल.

कागद आले असतील तर सगळ्या पानांचे फोटो पाठवा, मागचं बारीक अक्षरांचं पानसुद्धा. आई, एफडीच्या पावत्या कपाटातल्या निळ्या पिशवीत आहेत, त्यांवर वारस म्हणून कुणाचं नाव आहे तेवढं बघून ठेव. मी मंगळवारी रात्री फोन करते, तुमच्याकडे बुधवारची सकाळ असेल. आत्याशी मीच बोलेन, तिला वाईट वाटलं तर माझ्यावर वाटू दे.

बीपीची गोळी संपत आली होती, आणली का?

तुमची,
सुमा

ता. क. बाबा, 1938 च्या लढतीची फिल्म तुमच्या फोनवर पाठवली आहे. दोन मिनिटांचीच आहे, चहा ठेवून बघायला बसू नका.