यादीतलं काही विकत घेण्याआधी

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

तुझी यादी मिळाली. बांबूचे ब्रश, काचेच्या बरण्या, सहा कापडी पिशव्या, सरबत प्यायच्या स्टीलच्या नळ्या आणि शेवटी तुझा प्रश्न, 'आई, पर्यावरणासाठी अजून काय काय घेऊ?' नवं घर मांडताना तुम्हा दोघांच्या मनात हा विचार आला, याचं मला फार समाधान वाटलं. म्हणूनच स्पष्ट लिहिते. सध्या काहीही घेऊ नका.

वस्तू कितीही निसर्गस्नेही म्हणून विकली जात असली तरी ती घडवताना पाणी, वीज, इंधन खर्ची पडलेलं असतंच. पिशव्यांचंच बघ. ब्रिटनमधल्या एन्व्हायर्नमेंट एजन्सीने २०११ साली त्यांचा हिशेब मांडला होता. सुती पिशवीचा दर वापरामागचा हवामानावरचा भार एकदा वापरून टाकलेल्या पातळ प्लास्टिकच्या पिशवीइतका खाली यायला ती १३१ वेळा वापरावी लागते, असं त्यात निघालं. प्लास्टिक कुजत नाही, ते नद्यांत आणि जनावरांच्या पोटात जातं, हा मुद्दा वेगळा आणि तितकाच खरा. तेव्हा पिशवी कापडीच हवी. पण सहा नकोत, दोन पुरेत, आणि त्या विरून फाटेपर्यंत वापरायच्या. तुझ्या जुन्या शर्टांच्या मी दोन शिवून ठेवल्या आहेत. त्या कपाटात घडी घालून ठेवू नकोस, दाराजवळच्या खुंटीला अडकव. पिशवी नसते म्हणून आपलं अडत नाही रे, ती घरी राहते म्हणून अडतं.

आता विजेचं. खोलीतून बाहेर पडताना दिवा मालवायची तुझी लहानपणापासूनची सवय आहे, ती सोडू नकोस. पण घरातली वीज खरी खाते ती उष्णता, आणि ती डोळ्यांना दिसत नाही म्हणून तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. पंधरा लिटरची बादली पंचवीस अंशांनी तापवायला अर्ध्या युनिटहून थोडी कमी वीज लागते, साधारण ०.४४ युनिट. तेवढ्यात ९ वॉटचा एलईडी दिवा दोन दिवस आणि दोन रात्री सलग जळेल! म्हणजे आंघोळीच्या गरम पाण्यातली अर्धी बादली वाचवलीस, तर एका दिव्याची अख्ख्या दिवसाची वीज वाचली. गीझर आंघोळीच्या थोडा आधी लावा आणि आठवणीने बंद करा. टाकीतलं पाणी नुसतं उभं असलं तरी निवत राहतं आणि यंत्र ते पुन्हा पुन्हा तापवत बसतं. कपडे धुण्याच्या मशीनचंही तेच. गरम पाण्याने धुतलं तर बहुतेक वीज पाणी तापवण्यात जाते, ड्रम फिरवायला त्या मानाने थोडीच लागते. घरात आजारपण नसेल तर रोजच्या कपड्यांना साधं पाणी पुरतं. मशीन भरल्याशिवाय लावू नका आणि कपडे दोरीवर वाळत घाला.

स्वयंपाक करताना एक लक्षात ठेव. एकदा उकळी फुटली की उघड्या भांड्यातलं पाणी शंभर अंशांच्या आसपासच राहतं, खालची आच कितीही मोठी केली तरी. मोठ्या आचेने शिजायचं लवकर शिजत नाही, फक्त वाफ जास्त होते. उकळी आली की गॅस बारीक आणि वर झाकण. माझ्या आईने मला हे कारण न सांगता शिकवलं होतं, मी तुला कारणासकट सांगते आहे.

फ्रिज तुम्ही जुनाच घेतला आहे, तो चांगला चालत असेल तर बदलायची घाई नको. मात्र एक तपासणी आजच कर. दारात कागदाचा कपटा धरून दार लावून घे आणि कपटा ओढ. सहज निसटून आला तर तिथलं रबर ढिलं झालंय, चोवीस तास गारवा बाहेर जातोय. चारही बाजूंनी असं बघ. रबर आधी कोमट साबणपाण्याने पुसून काढ, बरेचदा नुसता मळ साचलेला असतो. तरी सुटलं तर रबर तेवढं बदलून मिळतं.

आता जे मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे ते. ओला कचरा.

तो कचऱ्याच्या डोंगरात दबला की तिथे हवा पोचत नाही. हवेशिवाय कुजताना त्यातून मिथेन वायू निघतो आणि शंभर वर्षांचा हिशेब धरला तर तो कार्बन डायऑक्साइडच्या जवळजवळ २८ पट ऊब धरून ठेवतो. तोच कचरा मोकळ्या हवेत कुजला तर त्याचं खत होतं. फरक फक्त हवेचा.

घरी असं खत करणं मला पहिल्याच वेळी जमलं नव्हतं. तू तेव्हा वसतिगृहात होतास. मी डब्यात नुसती सालं आणि देठ टाकत गेले, वरून घट्ट झाकण. दहाव्या दिवशी झाकण उघडलं तर सडक्या अंड्यांसारखा भपकारा आला आणि तळाशी काळं पाणी साचलेलं. सगळं टाकून द्यावं असंच वाटलं. मग डब्याच्या बाजूंना आणि तळाला भोकं पाडली, खाली ताटली ठेवली आणि सुकी पानं, फाडलेला कागद भरपूर मिसळला. ओल्याच्या निदान दुप्पट सुकं, असं डोळ्यांच्या अंदाजाने. तीन-चार दिवसांत वास गेला. तेव्हापासून दर वेळी ओलं टाकलं की वर मूठभर सुकं टाकते आणि आठवड्यातून दोनदा काठीने खालीवर करते. ओलावा किती हवा ते हाताने कळतं. मूठ आवळली की पिळून घेतलेल्या स्पंजसारखं लागलं पाहिजे, बोटांतून पाणी गळता कामा नये. काही महिन्यांनी तळातून जे निघालं ते काळं, भुसभुशीत होतं आणि पहिल्या पावसानंतर माती वासते तसं वासत होतं. सालाचा एक तुकडा ओळखू येईना. त्या दिवशी मी कितीतरी वेळ ते हातात धरून बसले होते.

डबा लागला की आणखी एक गोष्ट होते. आपण काय टाकतो ते रोज दिसायला लागतं. सालं, देठ जाणारच. पण खाण्यालायक अन्न त्यात पडलं की हात थबकतो. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा २०२४ चा अहवाल सांगतो की २०२२ या एका वर्षात जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं साठ टक्के घराघरांतून. एवढं अन्न पिकवायला लागलेलं पाणी आणि वाहतुकीचं इंधनही त्याच्याबरोबर गेलं, हे मनात आलं की मला झोप लागत नाही. तुम्ही दोघंही उशिरा घरी येता, तेव्हा आठवड्याचं एकदम भरून ठेवण्यापेक्षा दोन-तीन दिवसांपुरतं आणा. फ्रिजचा एक कप्पा 'आधी संपवायचं' म्हणून ठेवा, तोही डोळ्यांसमोर येईल असा, खालचा कोपरा नको.

बरण्यांचं म्हणशील तर माझ्याकडे अकरा रिकाम्या पडून आहेत, झाकणांसकट. पुढच्या महिन्यात येशील तेव्हा त्या घेऊन जा. तुमच्याकडे एखादी तडकलेली बादली असेल तर टाकू नकोस, येताना आण. बाबा तिला भोकं पाडून देतील आणि मी माझ्या डब्यातलं थोडं मुरलेलं खत विरजणासारखं तिच्यात घालून देईन. तोवर सुकी पानं साठवायला लाग, पोतंभर तरी लागतील.

सूनबाईला आशीर्वाद सांग. फ्रिजच्या कपट्याचं काय झालं ते कळव.

तुझी,
आई