कॉफीची सावली आणि तांबेरा: फळाचा भारही मोजा

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या शेतीविषयक पानावर गेल्या पंधरवड्यात कॉफीसंबंधी दोन मजकूर वाचनात आले. पहिल्या लेखात असे म्हटले होते की, झाडांच्या सावलीत वाढवलेल्या कॉफीच्या पानांवर तांबेरा हा बुरशीचा रोग जवळजवळ पडतच नाही, म्हणून बागेत जितकी झाडे अधिक तितकी फवारणी कमी. पुढच्या आठवड्यात एका वाचकाने पत्र लिहून नेमके उलटे मांडले: सावली म्हणजे ओल, ओल म्हणजे बुरशी, तेव्हा झाडे काढून बाग मोकळी करावी. मी मूळची सांगली जिल्ह्यातली. सत्तावीस वर्षांपूर्वी लग्न होऊन चिकमगळूर जिल्ह्यातील मूडिगेरे तालुक्यात आले आणि तेव्हापासून सासरच्या अकरा एकरांत अरेबिका कॉफी आणि मिरी यांच्या संगतीत राहते आहे. दोन्ही लेखकांचा हेतू चांगला आहे यात शंका नाही. परंतु या दोन्ही सल्ल्यांप्रमाणे, वेगवेगळ्या वेळी आणि न ठरवता, आमच्याच बागेत वागले गेले आणि दोन्ही वेळा नुकसान झाले, म्हणून हे लिहिणे मला आवश्यक वाटते.

ज्यांनी हा रोग पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. कॉफीच्या पानाच्या वरच्या बाजूला आधी फिकट पिवळा डाग दिसतो, कागदावर तेलाचा थेंब पडावा तसा. पान उलटले की त्याच जागी हळदीत शेंदूर कालवल्यासारखी पूड असते आणि बोट फिरवले तर बोटाला लागते. ही पूड म्हणजे बुरशीचे बीजाणू. त्यांना रुजायला पानावर पाण्याचा पातळ थर काही तास टिकावा लागतो, बेताची ऊब लागते, आणि उजेडापेक्षा अंधार त्यांना अधिक मानवतो. कॉफीच्या पानाची श्वासछिद्रे खालच्याच अंगाला असल्यामुळे बुरशी तिथूनच आत शिरते आणि साधारण तीन ते पाच आठवड्यांत नवी पूड बाहेर टाकते. आमच्याकडे पावसाळ्यात रोग वाढत जातो आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात, म्हणजे फळ भरत असतानाच, त्याचा जोर सर्वांत जास्त असतो. पाने गळतात, फांदी उघडी पडते आणि तिच्यावरचे फळ पोसायला काही उरत नाही.

आता आमच्या बागेतली गोष्ट. घराच्या पूर्वेला सुमारे एक एकराचा उताराचा तुकडा आहे. त्यावर सिल्व्हर ओकची उंच झाडे होती आणि त्यांवर मिरीचे वेल चढवलेले होते. वेल मरून गेल्यावर घरात चर्चा होऊन ती झाडे लाकडासाठी विकली गेली. भाव चांगला आला होता आणि मीही विरोध केला नव्हता. पुढच्या मार्चअखेर वळवाचा पाऊस पडल्यावर त्या तुकड्यात असा फुलोरा आला की शेजारचे लोक मुद्दाम पाहायला आले. फांद्या पांढऱ्याशुभ्र झाल्या होत्या. फळही तसेच लागले, इतके की काही फांद्यांना टेकू द्यावा लागला. सप्टेंबरमध्ये पिवळे डाग दिसू लागले, ऑक्टोबरअखेर झाडांमधून चालले की साडीच्या काठाला शेंदरी पूड लागू लागली, आणि नोव्हेंबरात फांद्यांवर पाने नव्हती, फक्त फळे होती. ती हिरवी असतानाच सुरकुतली. जी पिकली तीही पाण्यात टाकल्यावर तरंगली, म्हणजे आतला दाणा पोसलाच नव्हता. त्यानंतरची दोन वर्षे फांद्या शेंड्याकडून वाळत राहिल्या. त्याच उतारावर, त्याच जातीची, त्याच दिवशी फवारलेली, पण जांभूळ, फणस आणि पांगाऱ्याच्या सावलीत असलेली कॉफी बाजूलाच उभी होती. तिच्यावरही डाग होते, मात्र पाने टिकली आणि नेहमीसारखे मध्यम पीक घरात आले.

मोकळ्या तुकड्यात ओल कमी असूनही रोग जास्त का झाला, याचे उत्तर मला बरीच वर्षे मिळाले नाही, आणि माझ्या मते या साऱ्या वादाचे मर्म तिथेच आहे. ऊन भरपूर मिळाले की अरेबिकाला फुलांचे डोळे, म्हणजे कळ्या, जास्त येतात. फळ जितके जास्त तितके ते पानातून अन्न खेचते, आणि असे शोषले गेलेले पान तांबेऱ्याला लवकर बळी पडते. म्हणूनच एक वर्ष भरघोस आणि एक वर्ष रिकामे अशा फेऱ्यात भरघोस वर्षी रोगही भरघोस असतो. सावली डोळे कमी करून फळाचा भार हलका ठेवते, आणि आमच्या बाजूच्या तुकड्यातील पाने वाचली ती मुख्यतः त्यामुळे.

हे केवळ माझे अनुमान नाही. मध्य अमेरिकेत २०१२-१३ च्या हंगामात तांबेऱ्याने हाहाकार उडवला. त्याच सुमारास, २०१२ मध्ये, कोस्टा रिकातील तुर्रिआल्बा येथील एक प्रयोग प्रसिद्ध झाला, ज्यात फ्रेंच संशोधक झाक अवेलिनो सहभागी होते. त्यात उन्हातल्या आणि सावलीतल्या झाडांवर फळाचा भार मुद्दाम सारखा ठेवला होता. तेव्हा सावलीतल्या झाडांवर तांबेरा अधिक आढळला. म्हणजे फळाचा प्रश्न बाजूला ठेवला तर सावली बुरशीला अनुकूलच ठरते, कारण ती दुपारचे तापमान बेताचे राखते, पान लवकर सुकू देत नाही आणि बीजाणूंना न मानवणारे प्रखर ऊन अडवते. त्या पत्रलेखक वाचकांचे निरीक्षण या अर्थाने खरे आहे. परंतु शेतात फळाचा भार कोणी सारखा ठेवत नाही. तिथे सावलीचे हे दोन्ही परिणाम एकाच वेळी, एकमेकांविरुद्ध घडत असतात, आणि कोणता वरचढ ठरेल हे सावली किती दाट आहे, पाऊस किती आहे, झाडाला खत किती मिळाले आहे, यांवर अवलंबून राहते.

वाऱ्याचेही तसेच आहे. कोरड्या दिवसांत उंच झाडे वारा अडवतात आणि बीजाणू फार दूर जात नाहीत. श्रीलंकेची, म्हणजे तेव्हाच्या सिलोनची, कहाणी या संदर्भात आठवावी. १८६९ मध्ये तिथूनच आलेल्या नमुन्यांवरून या बुरशीचे हेमिलिया व्हास्टाट्रिक्स असे नामकरण झाले, आणि पुढच्या दोन दशकांत तिथली कॉफी जाऊन चहा आला. १८८० ते १८८२ या काळात तिथे अभ्यास करणाऱ्या हॅरी मार्शल वॉर्ड यांनी ग्लिसरीन लावलेल्या काचपट्ट्या बागेत टांगून वाऱ्यावरचे बीजाणू पकडले होते. मैलोन्‌मैल एकच पीक आणि मध्ये अडसर म्हणून झाडांची रांग नाही, ही परिस्थिती रोगाला किती सोयीची आहे हे त्यांनी तेव्हाच दाखवले. परंतु पाऊस चालू असताना मात्र उंच झाडांच्या पानांवर पाणी साठून त्याचे मोठे थेंब कॉफीच्या पानावर आपटतात, पान हादरते आणि पूड सुटते. आमच्याकडच्या रिपरिप पावसात सिल्व्हर ओकखाली उभे राहिले तर हे थेंब डोक्यावर टपटपताना जाणवतात.

आता दुसरा अनुभव. बागेच्या खालच्या अंगाला ओढा आहे. तिथे उंबर आणि पांगारा दाटले होते. माणसे मिळाली नाहीत म्हणून ओळीने सहा वर्षे तिथली छाटणी राहिली. सातव्या वर्षी जुलैमध्ये, सलग आठ-दहा दिवस धुके आणि पाऊस असताना, तिथे गेले तेव्हा फांद्यांवर काळी, लिबलिबीत पाने लोंबत होती. एक पान हातात घेतले तर ते देठापासून केव्हाच सुटलेले होते, पण बुरशीच्या पांढुरक्या धाग्याने फांदीला बांधल्यासारखे टांगून राहिले होते. याला इकडे कोळेरोग म्हणतात. कन्नडमध्ये कोळे म्हणजे कुजणे. कोकणातील आणि गोव्यातील वाचकांना सुपारीचा कोळेरोग माहीत असेल. नाव तेच असले तरी कॉफीवरची बुरशी वेगळी आहे, हे नमूद करते, कारण या नामसाम्यामुळे माझ्या एका परिचितांचा गोंधळ झाला होता. तांबेऱ्याच्या बाबतीत सावलीच्या दोन बाजू आहेत, कोळेरोगाच्या बाबतीत एकच आहे. दाट सावली, साचलेली हवा, सतत ओले पान, एवढे त्याला पुरते. पावसाळ्यापूर्वी वरची सावली विरळ करणे, कॉफीच्या झाडाचा मधला भाग मोकळा करणे, रोगट फांद्या काढून टाकणे आणि बोर्डो मिश्रण फवारणे, हेच त्यावरचे मुख्य उपाय आहेत. उलट, पानावर राखाडी मध्य असलेला डोळ्यासारखा तपकिरी ठिपका पाडणारा जो रोग आहे, तो उघड्या उन्हात आणि उपाशी झाडांवर बळावतो व सावलीत कमी होतो. एकाच पिकाच्या पानांवर तीन रोग आणि सावलीशी तिघांचे नाते तीन प्रकारचे, हे लक्षात घेतले म्हणजे एका वाक्यातला सल्ला का चालत नाही हे कळते.

सावलीच्या झाडांचा आणखी एक उपकार आहे, तोही पानापर्यंत पोचणारा. मेक्सिकोतील चियापास प्रांतात आयव्हेट पर्फेक्टो आणि जॉन व्हँडरमीर यांनी दीर्घकाळ केलेल्या अभ्यासात असे दिसले की, सावलीच्या झाडांवर घरटी करणाऱ्या मुंग्या कॉफीवरच्या हिरव्या खवले किडीची राखण करतात, त्या किडीवर एक पांढरी बुरशी वाढते आणि तीच बुरशी तांबेऱ्याच्या पुडीवरही जगते. मुंग्या आणि कीड या दोन्ही मला शत्रूच वाटत आल्या होत्या. हे वाचल्यापासून माझा हात जरा थांबतो. याच्या भरवशावर फवारणी सोडा असे मात्र मी कोणाला सांगणार नाही. आम्ही अजूनही पावसाळ्यापूर्वी आणि पाऊस ओसरल्यावर, अर्धा किलो मोरचूद आणि अर्धा किलो चुना शंभर लिटर पाण्यात, असे बोर्डो मिश्रण पानाच्या खालच्या अंगाला बसेल असे फवारतो. बाळेहोन्नूरच्या केंद्रीय कॉफी संशोधन संस्थेने तयार केलेली आणि २००७ मध्ये लागवडीसाठी दिलेली चंद्रगिरी ही जातही आम्ही काही भागात लावली आहे. अर्थात ही बुरशी रूपे बदलत राहते आणि जुन्या प्रतिकारक जाती हळूहळू तिला बळी पडत आल्या आहेत, त्यामुळे जातीवरही सगळा भार टाकता येत नाही.

महाराष्ट्रातील वाचकांसाठी हा विषय परका नाही. मेळघाटात चिखलदऱ्याला ब्रिटिश काळापासून कॉफी आहे. आणि अलीकडे सुपारीच्या बागेत कॉफी लावावी का, असे कोकणातील ओळखीचे बागायतदार मला विचारतात. त्यांना मी सांगते की, खालच्या, उष्ण भागात लावायचीच असेल तर रोबस्टा या कॉफीच्या दुसऱ्या प्रकाराचा विचार करा, कारण तांबेऱ्याला ती अरेबिकापेक्षा पुष्कळ कमी बळी पडते. आणि सुपारीची सावली ही आयती सावली आहे, ती पांगाऱ्यासारखी छाटून कमी-जास्त करता येत नाही, हे आधी ध्यानात घ्या.

छाटणी करून घेणे हीच खरी अडचण आहे, आणि त्याविषयी लेखात किंवा पत्रात एक ओळही नव्हती याचे मला वाईट वाटले. उंच सिल्व्हर ओकवर कमरेला दोर बांधून, कोयता घेऊन चढणारी माणसे आमच्या गावात मी आले तेव्हा बरीच होती. आज दोन आहेत आणि त्यांतले एक पन्नाशी ओलांडलेले आहेत. त्यांची मुले शहरात गेली, आणि एवढ्या जोखमीच्या कामासाठी त्यांनी परत यावे असे मी म्हणू शकत नाही. त्यामुळे लहान बागायतदारापुढे दोनच वाटा उरतात: सावली वाढेल तशी वाढू द्यायची, किंवा लाकडाचा व्यापारी आला की झाड मुळासकट द्यायचे. आमच्या दोन्ही चुका अशाच घडल्या. सावलीच्या झाडांसाठी जे काही साहाय्य किंवा मार्गदर्शन आखले जाते, त्यात रोपांच्या संख्येबरोबर छाटणीची मजुरी, चढणाऱ्यांचा विमा आणि जमिनीवरून चालवता येणारी लांब दांड्याची करवत यांचा समावेश व्हावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. आपल्या शेती पानाने हा विषय पुन्हा घेतल्यास एखाद्या छाटणी करणाऱ्या माणसाशीही बोलावे. कोणती फांदी ठेवायची आणि कोणती काढायची हे आमच्याकडे तेच ठरवतात.

पूर्वेच्या तुकड्यात आम्ही पुन्हा झाडे लावली आहेत, या वेळी जांभूळ, फणस आणि मध्ये मध्ये पांगारा. पांगारे कॉफीच्या वर आले आहेत, फणस अजून खांद्याइतके आहेत. गेल्या वर्षी तिथे फळ बेताचे लागले आणि नोव्हेंबरात फांद्यांवर पाने होती.

आपली नियमित वाचक,
एक कॉफी बागायतदार
मूडिगेरे, जि. चिकमगळूर