निनावी प्रश्नाला एवढी ओळख कशाला?

महोदय,

कालच्या पुरवणीतले विद्यार्थ्यांच्या प्रश्नोत्तरांचे सदर वाचून राहवले नाही, म्हणून लिहीत आहे. प्रश्न विचारणाऱ्या मुलाचे नाव तुम्ही छापले नाहीत, ते योग्यच केलेत. पण राहणार घणसोली, आयटीचे दुसरे वर्ष, वडील माथाडी कामगार, बहीण नर्स, एवढे सगळे छापून नाव तेवढे गाळले, याला काय अर्थ? वर्गातली मुले त्याला सहज ओळखतील. घरचे तर ओळखतीलच, आणि घरी कळू नये म्हणूनच त्याने तुम्हाला लिहिले होते.

मी ठाण्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवत असे. आमच्याकडे ग्रंथालयाबाहेर एक पेटी लावली होती. नाव न लिहिता काहीही विचारा, असे मुलांना सांगितलेले. सुरुवातीला प्रॅक्टिकलच्या तारखा, कॅंटीन असलेच प्रश्न येत. मग एकदा जर्नलचे अर्धे फाडलेले पान आले. पेन्सिलीने लिहिले होते, ‘रात्रभर झोप लागत नाही. सकाळी लोकलमध्ये चढावेसे वाटत नाही. असे फक्त मलाच होते का?’ त्या प्रश्नाचे उत्तर कोणी दिले नाही. जर्नले काढून अक्षर मात्र जुळवले गेले. मुलीला भर स्टाफरूममध्ये उभे केले, मी विरोध करत असताना पालकांना फोन झाला. ती ओढणीचे टोक बोटाला गुंडाळत राहिली, एक शब्द बोलली नाही. पेटी पुढे कितीतरी दिवस तिथेच होती, पण मनातले काही लिहिलेली चिठ्ठी तिच्यात पुन्हा आली नाही.

आता तुमच्या तज्ज्ञांच्या उत्तराविषयी. मुलगा लिहितो, दोन विषयांत केटी लागली आहे (म्हणजे ते विषय राहिले आहेत), घरी सांगितलेले नाही, जेवण जात नाही. त्यावर उत्तर काय, तर सकारात्मक राहा, प्राणायाम करा, मोबाइल दूर ठेवा! अहो, केटी लागली म्हणजे शिक्षण संपले असे नाही, ते विषय पुन्हा देता येतात, उत्तरपत्रिकेची छायाप्रत आणि पुनर्मूल्यांकन मागता येते, त्याची मुदत फार थोडी असते, हे त्याला कोणी सांगायचे? टेली-मानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येते. तोही दिला नाहीत. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा आणि हेल्पलाइनचे क्रमांक ठळक दिसतील असे लावावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये बजावले आहे. तुझ्या कॉलेजात समुपदेशक कोण आहेत, एवढे तरी विचारायला हवे होते. निनावी लिहिणाऱ्याला उलट फोन करून काही विचारता येत नाही. तुमचे छापील उत्तर हेच त्याच्या हाती पडते.

आणि त्याच पानावर, या उत्तराला अगदी खेटून, कोचिंग क्लासची अर्धे पान जाहिरात, टॉपरांचे फोटो आणि टक्के! जाहिराती लागतात, हे मान्य. पण त्या दुसऱ्या पानावर घेता आल्या असत्या.

पुढच्या अंकापासून सदराच्या माथ्यावर १४४१६ छापावा आणि प्रश्नातून गाव, वर्ष, आईवडिलांचा व्यवसाय काढून टाकावा. कालचे पान ई-पेपरवर अजून जसेच्या तसे आहे. तिथला तो मजकूर कृपया आजच बदला.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, कळवा (ठाणे)