रेवाच्या भूगोलाविषयी दादा-वहिनींस पत्र

नायमेगेन, नेदरलँड्स

तीर्थरूप दादा व सौ. वहिनी यांस,

शिरसाष्टांग नमस्कार.

रेवाला अकरावीला भूगोल घ्यायचा आहे आणि त्यावरून घरात वाद चालू आहे, हे वहिनींच्या पत्रातून समजले. "भूगोल घेऊन पुढे काय करणार, फार तर शिक्षिका होईल," असे दादांचे म्हणणे आहे. त्यामागची काळजी मला समजते, परंतु ते मत मला मान्य नाही. फोनवर हा विषय दोन मिनिटांत उरकला जातो, म्हणून मुद्दाम सविस्तर लिहीत आहे.

आपल्याकडे दहावीला भूगोलाचा पेपर चाळीस गुणांचा असतो आणि बहुतेक घरांत त्याचा अभ्यास गणित-विज्ञान झाल्यावर उरलेल्या वेळात, गाइडमधली उत्तरे पाठ करून होतो. त्यामुळे हा विषय नद्या, राजधान्या आणि पिकांच्या याद्यांचा आहे, असा समज पक्का होतो. इथे विद्यापीठाकडे नेणाऱ्या माध्यमिक शाखांमध्ये भूगोलाच्या अंतिम परीक्षेला विद्यार्थी नकाशासंग्रह सोबत घेऊन बसतात. नाव आणि ठिकाण समोर उघडेच असल्यामुळे पाठांतराला फारशी किंमत उरत नाही. अमुक गोष्ट इथेच का आहे आणि ती बदलली तर आजूबाजूला काय बदलेल, हे विचारले जाते. रेवाला या प्रश्नांची ओढ आहे, हे मी तिच्याशी बोलताना अनेकदा पाहिले आहे.

शिवाय नाशिकसारख्या जिल्ह्यात राहून भूगोल टाकून द्यावा, याचे मला फार वाईट वाटते. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तिथून सरळ रेषेत जेमतेम पन्नास किलोमीटरवर असलेल्या सिन्नरकडे लोक पाण्याची वाट पाहत बसतात; पुस्तकातला पर्जन्यछायेचा प्रदेश तो हाच. त्र्यंबकच्या डोंगररांगेत उगम पावणारी गोदावरी पूर्वेकडे 1465 किलोमीटर वाहत बंगालच्या उपसागराला मिळते आणि त्याच परिसरात उगम पावणारी वैतरणा पश्चिमेकडे अरबी समुद्राला जाते व वाटेत मुंबईची तहान भागवते. मराठवाडा आणि नाशिक यांच्यातला पाण्याचा तंटा ज्याला खरोखर समजून घ्यायचा आहे, त्याला आधी हा जलविभाजक, म्हणजे पाणी दोन दिशांना वाटणारी ही डोंगररांग, नकाशावर बोट ठेवून दाखवता आला पाहिजे.

आता माझ्या कामाविषयी, कारण मी इथे नेमके काय करते हे दादांना कधी नीट सांगितलेले नाही. ऱ्हाईन नदीचा वाल हा मोठा फाटा आमच्या गावातून जातो. 1995 मध्ये या भागातल्या नद्यांना इतके पाणी आले की सुमारे अडीच लाख लोकांना घरे सोडून हलवावे लागले. त्यानंतर बांध उंच करत राहण्यापेक्षा नदीलाच जागा द्यायची, असे या देशाने ठरवले. नायमेगेनसमोरच्या काठावरचा बांध सुमारे साडेतीनशे मीटर मागे सरकवून नदीसाठी दुसरा प्रवाहमार्ग खोदला गेला आणि त्यासाठी काही कुटुंबांना घरेही सोडावी लागली. पाणी कुठवर चढेल, कोणते घर रेषेच्या आत येईल आणि कोणते बाहेर राहील, हे ज्या नकाशांवरून ठरते त्या प्रकारचे नकाशे करणे हे माझे रोजचे काम आहे.

हे काम नाशिकला परके नाही. गोदेला पूर आला की पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला लागले की गळ्याशी आले, हे आपण लहानपणापासून विचारत आलो. ती शहराची पिढ्यान्‌पिढ्यांची मोजपट्टीच आहे. 2008 च्या पुरानंतर मात्र निळी आणि लाल पूररेषा हे शब्द घराघरांत पोहोचले. साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. ती रेषा आखण्यासाठी पाणलोटातला पाऊस, गंगापूर धरणातून सोडले जाणारे पाणी, ठिकठिकाणी घेतलेले नदीपात्राचे छेद आणि काठावरची उंचसखल जमीन हे सारे एकत्र मांडावे लागते. एखाद्याच्या प्लॉटची किंमत आणि एखाद्या वस्तीचा जीव त्या रेषेवर अवलंबून असतो. ती आखणारी व्यक्ती भूगोल उत्तम जाणणारी असावी, असे मला फार वाटते.

दादांना द्राक्षाचा व्यवहार जवळून ठाऊक आहे, म्हणून तेही उदाहरण देते. फेब्रुवारी-मार्चमध्ये निफाड-दिंडोरीची द्राक्षे रॉटरडॅम बंदरात उतरतात आणि आमच्या इथल्या दुकानांत दिसतात. 2023 च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, तेव्हा बऱ्याच कंपन्यांनी सुएझ कालव्याची वाट सोडून आफ्रिकेला वळसा घातला; प्रवास दोन आठवड्यांच्या आसपास लांबला, भाडे वाढले आणि नाशवंत मालाचा जीव टांगणीला लागला. पुस्तकात एका ओळीत येणारा तो कालवा आपल्या बागाईतदाराच्या हिशेबाच्या वहीत असा येऊन बसतो.

नोकऱ्यांचे म्हणाल तर शिक्षकी पेशा हा त्यातला एक आणि सन्मानाचाच मार्ग आहे. त्याशिवाय 1767 पासून चालत आलेला भारतीय सर्वेक्षण विभाग आहे, इस्रोची डेहराडूनची सुदूर संवेदन (उपग्रहांवरून जमिनीची पाहणी) संस्था आणि हैदराबादचे केंद्र आहे, नागपूरला राज्याचे सुदूर संवेदन केंद्र आहे, भूजल सर्वेक्षण यंत्रणा, नगररचना, हवामान, पीकविमा, मालवाहतूक आणि नकाशांचे सॉफ्टवेअर करणाऱ्या खासगी कंपन्या आहेत. लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत भूगोल हा वैकल्पिक विषय घेणारेही पुष्कळ असतात.

मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगते. नुसती पदवी घेऊन, नोट्स पाठ करून यातले काही हाती लागत नाही. रेवाने गणित सोडू नये, संख्याशास्त्र शिकावे, जीआयएसचे, म्हणजे संगणकावर नकाशा आणि माहिती एकत्र मांडण्याचे, एखादे मोफत सॉफ्टवेअर आतापासून हाताळावे आणि प्रत्यक्ष जमिनीवर पाय झिजवावेत. विज्ञान शाखेतही काही कनिष्ठ महाविद्यालयांत जीवशास्त्राऐवजी भूगोल घेता येतो. गणितासह भूगोल ही जोडी मला तिच्यासाठी सर्वांत योग्य वाटते आणि दादांच्या मनातली विज्ञान शाखाही त्यात राहते. प्रवेश अर्जात पसंतिक्रम भरण्यापूर्वी त्या महाविद्यालयात स्वतः जाऊन विषय खरोखर शिकवला जातो का आणि प्रात्यक्षिके होतात का, हे विचारून यावे. माहितीपत्रकावर विसंबून राहू नये.

तोवर या दिवाळीत एवढे करा. सर्वेक्षण विभागाच्या पोर्टलवरून आपल्या भागाचे 1:50,000 प्रमाणाचे नकाशे रेवाला उतरवून घेऊ द्या. वीस अंश उत्तर अक्षवृत्त नाशिक शहरातूनच जाते आणि जुन्या मांडणीत तिथेच पत्रक बदलते, त्यामुळे तिला शहरासाठी एकाहून अधिक पत्रके जोडावी लागतील. ती घेऊन तिला त्र्यंबकला न्या. ब्रह्मगिरीच्या कड्यापाशी समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा, एकमेकींना खेटून आलेल्या दिसतील; कडा आणि कागद शेजारी धरून तिने ते पाहावे. येताना सिन्नरच्या बाजूने या, म्हणजे त्याच रेषा किती विरळ होतात तेही दिसेल. तिने काय टिपले ते तिच्याच हस्ताक्षरात मला पाठवावे, मी उत्तर देईन.

आई-बाबांना साष्टांग नमस्कार, रेवाला आशीर्वाद. वहिनी, महाविद्यालयांत चौकशी झाली की तिथले विषयगट मला कळवा.

तुमची,
शुभा